साखरपाणी

"आत या ना, दारात का उभ्या?"

टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या सॉर्टरबाईंनी दोनदा म्हटले तरी ती उंच बाई उंबऱ्याबाहेरच थांबली. हातातली कापडी पिशवी तिने छातीशी घट्ट धरली होती.

"नको काकू. एवढं द्यायला आले. तिच्या खणातलं सामान आहे. मुकादमबाई रोज म्हणतात, पोचवून ये, पोचवून ये. महिना झाला, पाय उचलत नव्हता."

लेक गेली त्या दिवशी छत्र्यांच्या कारखान्यातल्या पंधरावीस बायका घरी आल्या होत्या. त्या गर्दीत कुठला चेहरा कुणाचा, हे सॉर्टरबाईंच्या ध्यानात राहणे शक्यच नव्हते. पण ही उंची विसरण्यासारखी नव्हती. शिवाय लेकीच्या बोलण्यातून ही बाई चार वर्षे रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्यांच्या घरी येतच होती.

"तुम्ही शिडीताई ना?" त्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

बाईचा चेहरा हसल्यासारखा झाला आणि लगेच विस्कटला. "हो. तोंडावर म्हणायची मला. दुसरी कुणी म्हणाली असती तर झिंज्या उपटल्या असत्या मी तिच्या."

मग मात्र ती आत आली.

खिडकीपाशी बसलेले लेकीचे बाबा उठले आणि "चहा टाकतो" एवढेच म्हणून स्वयंपाकघरात गेले. बसची कंडक्टरकी करून निवृत्त झालेला हा माणूस. एके काळी पाहुणा दारात दिसला की "पुढे सरका, आत भरपूर जागा आहे" असे ओरडून त्याला हसवायचा. मुलगी जन्मली तेव्हा जेमतेम वीतभर होती, म्हणून त्यांनीच तिला बिट्टी म्हटले आणि ते नाव तिला अठ्ठावीस वर्षे पुरले. आता दिवसाकाठी त्यांच्या तोंडून पाचदहा शब्द निघाले तरी खूप.

शिडीताईने पिशवीतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या. निळा एप्रन. स्टीलचा पेला. बोटात घालायचे टोपण. आणि क्रीमची एक चपटी डबी.

"क्रीम संपलं होतं की काय कोण जाणे," ती म्हणाली. "पण दुपारी डबा खाल्ला की ती डबी घेऊन मोरीकडे जायची. आम्ही चिडवायचो, कोण बघायला येणार आहे गं तुला छत्र्यांच्या ढिगात?"

सॉर्टरबाईंनी डबी उचलली. आत काहीतरी खुळखुळले. त्यांनी ती उघडली नाही. आत काय आहे ते त्यांना ठाऊक होते. दुपारची गोळी पाकिटातून सोडवून त्या डबीत घालून द्यायचे काम त्या स्वतःच रोज सकाळी करत आल्या होत्या. त्या दिवशीची गोळी डबीतच राहिली होती.

"एक विचारू काकू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"विचारायचं काही नाही. सांगायचंच आहे." शिडीताई स्टुलाच्या कडेवर बसली होती. तिचे लांब हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हते. "मी तिच्या शेजारीच बसायची. ती छत्री उघडायची, उजेडाकडे धरून कापडाला भोक आहे का बघायची, मिटून माझ्याकडे सरकवायची. मी पट्टीला बटण लावायची. त्या दिवशी ऑर्डर मोठी होती, डबा खायलासुद्धा कुणी धड उठलं नाही. तीन वाजून गेले असतील. तिनं छत्री उघडली आणि तशीच वर धरून बसली. मी म्हटलं, काय गं, भोक शोधतेस की भोकात जाऊन बसलीस? तर हसलीच नाही. आणि मग एकदम खाली. छत्रीसकट."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मी घाबरले नाही काकू. देवाशप्पथ नाही. मला ठाऊक होतं काय करायचं. कामाला लागली तेव्हाच तिनं सांगून ठेवलं होतं, ताई, मला कधीकधी चक्कर येते, साखर कमी होते, तेवढं साखरपाणी दे. मी धावले. पण साखर कुठाय? चहाचं सामान खाली, कपाटाला कुलूप, किल्ली मुकादमबाईंकडे, त्या गोदामात. पाच मिनिटं गेली. मग दोघींनी तिला धरून बसवलं आणि मी पाजलं. दात घट्ट होते. थोडं थोडं करत सगळा पेला पाजला. पण उशीर झाला. पाच मिनिटं आधी मिळाली असती ना साखर..." तिने पदराने तोंड दाबून धरले.

दवाखान्याच्या व्हरांड्यातला तो तरुण डॉक्टर सॉर्टरबाईंना आठवला. फिट लांबली होती, पण ती आटोक्यात आणता आली असती, असे तो म्हणाला होता. श्वासनलिकेतून पाणी छातीत गेले होते. "बेशुद्ध माणसाला पाणी कुणी पाजलं?" असे त्याने दोनदा विचारले होते. नवराबायको भिंतीकडे बघत उभी राहिली होती.

"तुमचा काही दोष नाही," सॉर्टरबाई म्हणाल्या.

"सगळे तेच म्हणतात." शिडीताईने डोळे पुसले. "पण आता तसं होणार नाही. आम्ही प्रत्येक मेजावर साखरेची बरणी ठेवलीय. मालकांनीच आणून दिल्या. वर कागद चिकटवलाय, 'बिट्टीची साखर'. कुणी हात लावत नाही, चहालासुद्धा नाही. तिच्या जागेवर एक नवी बाई आलीय. दोन लेकरांची आई आहे. तिलाही चक्कर येते म्हणते. बोलता बोलता गप्प होते, डोळे कुठेतरी लागतात, तोंड आपलं चघळल्यासारखं हलत राहतं. मी डोळ्यांत तेल घालून असते. परवा तशी झाली, आणि मी एका मिनिटात पेला तिच्या तोंडाला लावला. ठसका लागला बिचारीला, पण आली शुद्धीवर. एका मिनिटात, काकू."

ती हे जवळजवळ अभिमानाने सांगत होती.

चहा घेऊन बाबा दारात उभे होते.

*

बिट्टीला पहिल्यांदा फिट आली ती अकराव्या वर्षी, शाळेच्या पटांगणात, सगळ्या शाळेसमोर. कुणीतरी दातांत चमचा घातला. त्या चमच्याने तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. दाताचे कुणाला काही वाटले नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर ती एकटीच होती. आठवड्याभरात तीन मुलींच्या आया मुख्याध्यापिकांना भेटून गेल्या. मुख्याध्यापिका फार गोड बाई. त्यांनी सॉर्टरबाईंना बोलावून, पाणी वगैरे देऊन सांगितले, "काही दिवस घरीच ठेवली तर तिच्याच दृष्टीनं बरं." शाळेच्या फाटकाबाहेर दोन पोरी कुजबुजल्या, "ती बघ, फेफरेवाली." आईचा हात धरून चाललेल्या बिट्टीने विचारले, "आई, फेफरेवाली म्हणजे काय गं?"

त्या दिवशी सॉर्टरबाईंनी मनाशी गाठ मारली. पुन्हा हा शब्द पोरीच्या कानावर पडू द्यायचा नाही. त्यांनी घर बदलले, शाळा बदलली. टपाल कचेरीत साहेबाच्या टेबलापुढे चार महिने उभे राहून बदली करून घेतली. डॉक्टरही ओळखीतला नको म्हणून दोन तासांच्या अंतरावरचा धरला.

ती डॉक्टरीण मात्र देवमाणूस होती. जाडजूड, हसरी, मोठ्या आवाजाची. "हा मेंदूचा आजार आहे," ती म्हणाली. "दमा असतो, मधुमेह असतो, तसा अपस्मार. गोळ्या चुकवायच्या नाहीत, झोप चुकवायची नाही. मुलगी शिकेल, नोकरी करेल, सगळं करेल." तिने बिट्टीला तपासणीच्या पलंगावर आडवे केले आणि आईबापांना दाखवले. झटके आले तर धरून ठेवायचे नाही, कुशीवर वळवायचे. तोंडात काही घालायचे नाही. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा थेंब पाजायचा नाही. घड्याळ बघायचे, पाच मिनिटांत थांबले नाही तर गाडी बोलवायची. "आणि लपवू नका," शेवटी ती म्हणाली. "गाव गोळा करून सांगा असं म्हणत नाही मी. पण जिथं असेल तिथं शेजारच्या एकाला तरी खरं ठाऊक हवं."

सॉर्टरबाईंनी सगळे ऐकले आणि सगळे पाळले. शेवटचे तेवढे सोडून.

चार वर्षांपूर्वी छत्र्यांच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याच्या आदल्या संध्याकाळी बिट्टी केस विंचरत बसली होती. सॉर्टरबाई धुतलेले कपडे घडी करत होत्या.

"आई, कामावर काय सांगू?"

"सांग, कधीकधी चक्कर येते."

"कशानं येते विचारलं तर?"

"साखर कमी होते म्हण. साखरेला कुणी नाक मुरडत नाही."

पेपरमागून बाबांचा आवाज आला. "अगं, साखर कशाला मध्ये आणतेस? खरं सांगू दे की तिला."

"तुम्ही गप्प बसा. तिकीट फाडण्यापलीकडचं जग बघितलंय का तुम्ही? उद्या स्थळं येतील."

"बरं बाई." कंडक्टर पेपरमागे गेले.

"आणि पडले तर काय करायचं, ते विचारलं तर?"

"साखरपाणी द्या म्हण, झालं. तोवर शुद्धीवर येशीलच तू."

बिट्टी खदखदून हसली होती. "बरं केलंस. निदान आजार तरी गोड दिलास मला."

कपड्याची एक घडी घालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हे सगळे ठरले होते.

*

शिडीताई गेल्यावर बाबांनी तिचा न प्यालेला चहा मोरीत ओतला आणि येऊन खाटेवर बसले.

"ऐकलंत ना?" सॉर्टरबाईंनी विचारले.

"ऐकलं."

"त्या नव्या बाईला चक्कर येत नाही हो. आपल्या बिट्टीला नववीत असताना अगदी अश्शाच यायच्या. मध्येच थांबायची, तोंड हलवायची."

"हो."

"सांगायला पाहिजे."

बाबांनी मान हलवली.

"पण सांगितलं तर त्या शिडीला कळेल. तिला वाटतंय उशीर झाला. उशीर झाला म्हणून रडतेय ती. आणि मी जाऊन सांगू, उशीर नाही गं बाई, तू पाजलंस म्हणून..." त्या थांबल्या. "तुम्ही बोला ना काहीतरी! महिनाभर बघतेय. एकदा तरी म्हणा की तुझ्यामुळं झालं. शिव्या द्या. भांडी आपटा. मी गप्प बसा म्हटलं आणि तुम्ही गप्प बसलात, एवढं तरी म्हणा!"

बाबांनी चष्मा काढला. तो पुसायला काही सापडेना म्हणून नुसताच हातात धरून बसले.

"मी गप्प बसलो ना," ते म्हणाले. "तू बस म्हटलंस म्हणून थोडंच? मलाही तेच सोयीचं होतं. मीही तर बाप होतो तिचा."

मग ते म्हणाले, "मी येऊ का बरोबर?"

"नको. मी केलंय, मीच निस्तरते."

*

कारखान्यातली कामाची जागा म्हणजे एक लांबच लांब खोली होती. तीन मेजे, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना बायका. एका टोकाला नुसत्या काड्यांचे सांगाडे टांगलेले, दुसऱ्या टोकाला काळ्या कापडाचे तागे. चहाच्या सुट्टीची घंटा वाजली तेव्हा मुकादमबाई सॉर्टरबाईंना आत घेऊन आली. खुर्च्या सरकल्या. सगळ्या उभ्या राहिल्या. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी नुसतेच "काकू" म्हणून थांबले. एकीने सांगितले की बिट्टी गेल्यापासून इथे कुणी कुणाला टोपणनावे ठेवत नाही, कारण जमतच नाही कुणाला. माणसे इतकी चांगली होती, की आल्या पावली परत जावे असे सॉर्टरबाईंना वाटू लागले.

मधल्या मेजावर साखरेची बरणी होती. वर कागद, कागदावर निळ्या शाईत नाव. अक्षर शिडीताईचेच असावे, उंच उंच. बरणीशेजारीच ती नवी बाई बसली होती. सावळी, बारीक, नजर खाली घातलेली.

"बसा काकू. चहा घ्या," शिडीताई म्हणाली.

"नको. आधी बोलते. बसले तर बोलणं व्हायचं नाही माझ्याच्यानं." सॉर्टरबाईंनी मेजाची कड धरली. एकतीस वर्षे त्यांनी पत्रे खणांत टाकली होती, पण चार माणसांसमोर उभे राहून बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. "माझ्या मुलीला चक्कर येत नव्हती. तिची साखर कधीच कमी झाली नाही. तिला फिट यायची. अपस्मार. आकडी म्हणा, फेफरं म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. अकरा वर्षांची असल्यापासून. गोळ्या चालू होत्या. चौदा महिने एकही आली नव्हती."

खोलीत कुणीतरी "अगं बाई" म्हणाले.

"साखरेचं मी सांगितलं तिला. मी. लोक काय म्हणतील म्हणून. ती तुमच्याशी खोटं बोलली ते माझं खोटं होतं."

मागच्या मेजावरून एक आवाज आला, घाबरलेला, "म्हणजे ते... लागतं का हो दुसऱ्याला? आम्ही एकाच डब्यात जेवायचो."

"नाही लागत. लागत असतं तर सतरा वर्षं मी तिच्या शेजारी झोपले, मला नसतं का लागलं?" सॉर्टरबाईंचा आवाज आता जरा ठिकाणावर आला होता. "तुम्हाला एवढंच सांगायला आले, की फिट आलेल्या माणसाला पाणी पाजायचं नाही. साखरेचं नाही, साधं नाही, कसलंच नाही. गिळायची शुद्ध नसते त्याला. ह्या बरण्या काढून ठेवा. चहात घाला ती साखर."

हे बोलताना त्यांनी मुद्दाम कुणाकडेच पाहिले नव्हते. तरी डावीकडे काहीतरी हलल्याचे त्यांना जाणवले. शिडीताई उभी राहिली होती.

"काकू. म्हणजे मी पाजलं म्हणून?"

"मी शिकवलं म्हणून."

"ते नाही विचारलं मी." तिचा आवाज अगदी हळू होता. "मला उशीर झाला म्हणून गेली, की मी पाजलं म्हणून गेली?"

सॉर्टरबाईंना वाटले, अजून एकदा खोटे बोलता येईल. एवढेसेच. कुणाला कळणार आहे? जीभ तशी वळतही होती, इतक्या वर्षांची सवय. त्यांनी शिडीताईच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"पाणी छातीत गेलं," त्या म्हणाल्या.

शिडीताईने मान हलवली, एखादा हिशोबाचा निरोप समजल्यासारखी. मग तिने आपली खुर्ची नीट आत सरकवली, मेजावरचा दोरा गुंडाळून ठेवला आणि ती बाहेर गेली. दार तिने आवाज न करता लावले. एक बाई तिच्यामागे जायला उठली, तशी मुकादमबाईने हाताने तिला थांबवले.

मग मुकादमबाई घसा खाकरून म्हणाली, "मग करायचं काय अशा वेळी? ते तरी सांगून जा. आम्हाला काही ठाऊक नाही. आमच्या लहानपणी तर एका काकाला आठ जण धरून ठेवायचे."

सॉर्टरबाईंनी सांगितले. धरायचे नाही. आजूबाजूचे टोचणारे, कापणारे बाजूला करायचे. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचे. झटके कमी झाले की कुशीवर वळवायचे, म्हणजे लाळ बाहेर येते. घड्याळ बघायचे. त्या बोलत असताना सगळ्या जणी मान डोलावत होत्या. पण टपाल कचेरीतल्या नव्या लोकांना शिकवताना त्यांनी पाहिले होते, नुसत्या मान डोलावण्याला काही अर्थ नसतो. हाताला कळावे लागते.

तेवढ्यात ती नवी बाई उभी राहिली. ती मुकादमबाईशी बोलत होती, पण नजर आपल्या पायांकडे होती.

"बाई, दुपारची गोळी इथं घेतली तर चालेल का? सगळ्यांसमोर?"

मुकादमबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. "इथं म्हणजे? जागेवर बसून घ्यायची. मोरीत कशाला जायचं?" ती जरा दरडावूनच म्हणाली आणि तिने तोंड फिरवले.

मग सॉर्टरबाईंनी पर्स मेजावर ठेवली, चष्मा काढून पर्सवर ठेवला, आणि पदर खोचला. "दाखवते," त्या म्हणाल्या. "कुठं पडली होती ती?"

अखेर एकीने मेजाच्या टोकाजवळची जागा बोटाने दाखवली. सॉर्टरबाई आधी गुडघ्यांवर बसल्या, मग एका हाताचा आधार घेत फरशीवर उताण्या आडव्या झाल्या. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला असे आडवे होताना पाहून दोघीतिघींनी नजर दुसरीकडे वळवली.

"या मुकादमबाई. बसा इथं. माझा हा हात लांब करा. हो, असा. दुसरा गालाखाली घ्या. पलीकडचा गुडघा वाकवा, आणि आता गुडघ्याला धरून तुमच्याकडे ओढा. ओढा, मोडत नाही मी."

मुकादमबाईने ओढले. सॉर्टरबाई कुशीवर वळल्या. गाल फरशीजवळ आला. फरशी गार होती. तिथून मेजाचे पाय दिसत होते, खुर्च्यांचे पाय, बायकांच्या चपला, कापडाच्या काळ्या कातरणी आणि मेजाखाली घरंगळून गेलेले एक बटण. उजेड वरून कुठून तरी येत होता. छत्र्या दिसत नव्हत्या.

"हनुवटी जरा वर करा. तोंड जमिनीकडं राहू दे. आता कुणीतरी दुसरीनं करून बघा."

एकेक करून बायका पुढे आल्या. कुणाचा हात हलका होता, कुणाचा दणकट होता. सॉर्टरबाई प्रत्येक वेळी पुन्हा उताण्या व्हायच्या आणि सांगायच्या, हात, गाल, गुडघा. नवी बाई आली तेव्हा तिने इतक्या हळू वळवले, जसे कुणी झोपलेल्याला जागे न करता वळवावे. तिच्या तळहाताला घाम होता.

दाराचा आवाज झाला. सॉर्टरबाईंना पडल्या जागेवरून दार दिसत होते, पण चष्मा नव्हता. दारात दोन लांब पाय येऊन थांबलेले तेवढे कळले. ते आत येईनात आणि परतही जाईनात.

"झालं काकू," मुकादमबाई म्हणाली. "आलं आमच्या ध्यानात. उठा आता, गार लागेल. हात द्या."

"थांबा," सॉर्टरबाई म्हणाल्या. "अजून एक राहिलंय. झटके थांबले म्हणजे झालं असं नसतं. माणूस लगेच भानावर येत नाही. आपण कुठं आहोत, काय झालं, त्याला काही कळत नसतं. भीती वाटते त्याला. तोवर कुणीतरी जवळ बसायचं. बोलायचं काही नाही. नुसतं बसायचं."

त्या तशाच पडून राहिल्या. मुकादमबाईने पुढे केलेला हात मागे घेतला. सुट्टी संपल्याची घंटा वाजली आणि कुणीही जागेवर गेले नाही.

मग दारातले पाय हलले. मेजाला वळसा घालून, सावकाश, ते त्यांच्यापर्यंत आले. शिडीताईला खाली बसायला वेळ लागला. एवढ्या उंच माणसाला लागतोच. ती सॉर्टरबाईंच्या पाठीमागे, हातभर अंतर ठेवून फरशीवर बसली. तिने त्यांना हात लावला नाही. सॉर्टरबाईंनीही मान वळवून पाहिले नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.